आमची वाटचाल : जाम स्टिअरिंग आणि अर्ध्या भावाचे बुश

रबाळे एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा पाटीवर नुसतं ‘ओबीएम रिपेअरिंग’ लिहिलं होतं, ओबीएम म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. आता ठाणे खाडीकाठी विटावा गावापासून दिवाळे गावापर्यंत लोक आम्हाला ‘स्टिअरिंगवाले’ म्हणूनच ओळखतात. कार्ब्युरेटर धुवायला, प्लग बदलायला सगळे तयार असतात. मशीन सुरू झालं की आवाज येतो आणि गिऱ्हाईक पैसे काढतं. मोकळ्या केलेल्या स्टिअरिंगचा कसला आवाज येणार? म्हणून हे काम कोणी घेत नव्हतं, ते आम्ही घेतलं.

खाडीनेही कामाला तोटा पडू दिला नाही. ठाणे खाडीचं पाणी नुसतं खारं नाही, त्यात बारीक गाळ तरंगतो. तो ग्रीसमध्ये गेला की ग्रीसच बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची नळी, घासायला लागतं.

चाक जड झालं की लोक सरळ ‘केबल बदला’ म्हणतात. आम्ही आधी ड्रॅग लिंक, म्हणजे केबलला इंजिनशी जोडणारी दांडी, सोडतो आणि इंजिन हाताने डावी-उजवीकडे फिरवतो. इंजिन हलकं फिरलं तर दोष केबलमध्ये, टिल्ट ट्यूबमध्ये (केबल जाते त्या ब्रॅकेटमधल्या आडव्या नळीत) किंवा चाकाच्या गिअरमध्ये. इंजिनच जड असेल तर स्विव्हल ब्रॅकेटचे, म्हणजे इंजिन ज्यात डावी-उजवीकडे फिरतं त्या ब्रॅकेटचे, बुश बघायचे, केबलला हात लावायचा नाही. या तपासणीला पाच मिनिटं लागतात. ती न केल्यामुळे किती चांगल्या केबली भंगारात गेल्या, याचा हिशोब विकणाऱ्यांनी द्यावा.

टिल्ट ट्यूबचं भोक बहुतेक मशिनांना ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिमी. केबलच्या टोकाचा दांडा, म्हणजे रॅम, त्यातूनच सरकतो. जुनं ग्रीस आत वाळून खडूसारखं घट्ट बसतं, त्यात गंजाची भर, आणि रॅम अडकतो. केबलचा मोठा नट सोडून दोन्ही तोंडांत गंज सोडवणारं तेल टाकायचं आणि रात्रभर राहू द्यायचं. मग पेट्रोलची टाकी आणि नळी लांब ठेवून, हॉट एअर गनने ट्यूब गरम करत पितळी पंचने ठोके द्यायचे. लोखंडी पंच मारला की रॅमचं तोंड पसरतं, मग तो ट्यूबमधून कुठूनच निघत नाही. गॅसची ज्योत तर लावूच नये, शेजारचे प्लास्टिक बुश वितळतात. रॅम निघाला की ट्यूब आतून पॉलिश पेपरने साफ करायची. रॅमला खड्डे दिसले तर मात्र अख्खी केबल नवी घालावी, कारण रॅम सुटा मिळत नाही. जुन्या केबलच्या कव्हरवर छापलेल्या नंबरातले शेवटचे दोन आकडे बहुतेक वेळा लांबी सांगतात, फुटात. कव्हर फेकण्याआधी ते वाचून ठेवा.

ग्रीस भरताना चाक फिरवून रॅम पूर्ण आत घ्यायचा, मगच निपलला गन लावायची. रॅम बाहेर असताना भरलं तर ग्रीस आत कोंडून राहतं आणि चाक अडतं. काल ग्रीस केलं नि आज जाम, अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न हाच असतो.

आता बुश. इथे आमच्या लेथवाल्या भागीदाराचं नाव निघायला हवं, पण त्यांना ते आवडणार नाही. इंजिन ज्यावर फिरतं तो शाफ्ट काढण्याआधी स्टिअरिंग आर्म आणि योक (शाफ्टच्या खालच्या टोकाला बसणारा भाग) यांच्यावर समोरासमोर खूण करा, हा नियम त्यांचा. स्प्लाइनचा, म्हणजे शाफ्टवरच्या दात्यांचा, एक दात चुकला तर इंजिन कायम तिरकं बसतं. खालचं सर्कलिप काढून योक उतरवायचा आणि शाफ्ट वर ओढायचा. बुशच्या जागी शाफ्ट मायक्रोमीटरने मोजायचा, वर, मध्ये आणि खाली. बुश आम्ही डेल्रिनचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, वळतो. बाहेरचं माप ब्रॅकेटच्या भोकापेक्षा ०.०५ मिमी जास्त, म्हणजे तो दाबून बसतो. दाबला की आतलं भोक जवळपास तेवढंच आवळतं, म्हणून भोक मापाला आणणारा रीमर बुश बसवल्यानंतरच फिरवायचा आणि शाफ्टला ०.१५ मिमी मोकळीक ठेवायची. आधी रीमर करून मग प्रेस करणाऱ्यांशी भागीदार बोलत नाहीत.

गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा, बुश मजबूत, असं सांगणारे भेटतात. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये गनमेटल आणि वर खारं पाणी, म्हणजे ब्रॅकेटच झिजणार. बुश शाबूत राहतो आणि हजारोंचा ब्रॅकेट जातो.

आम्ही बुडालो होतो ते याच बुशपायी. आमच्या ओळखीतल्याच एकाने ‘तोच बुश, अर्ध्या भावात’ म्हणून माल काढला. दिसायला पांढरा, मापही आमचंच. पण माल नायलॉनचा. नायलॉन पाणी पितो आणि फुगतो. बाहेरून ब्रॅकेट अडवतो, म्हणून तो आतल्या बाजूला शाफ्ट आवळतो. सुरुवातीला मस्त चालतो, मग भर खाडीत हँडल हलेनासं होतं. आणि नाव कोणाचं? आमचं, कारण विकताना आमचंच नाव सांगितलं गेलं. बोटी भाड्याने चालवणाऱ्या एका ठेकेदाराने आमचं सगळं बिल अडवलं, गाळ्याचं भाडं थकलं, लेथचं काम थांबलं. बिल अजूनही पूर्ण आलेलं नाही. त्या माणसाने आजपर्यंत तोंडदेखलं ‘चुकलं’ सुद्धा म्हटलेलं नाही.

तेव्हापासून काउंटरवर एक बरणी आहे. एक लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि बुश त्यात टाकायचा. नायलॉन तरंगतो, डेल्रिन बुडतो. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ मोजूनच घ्या. गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी बघतं, आम्हाला बोलावं लागत नाही.

त्या दिवसांत आमच्याकडून हलले नाहीत ते दिवाळ्याचे एक नाखवा. मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, त्यांचं मशीन आमच्या स्टँडवर असायचंच. जाम झालेल्या दोन होड्यांचे बुश त्यांनीच काढून आणले आणि बंदरावर सगळ्यांसमोर मिठाच्या पाण्यात टाकले. बरणीची युक्ती आमची, पण ती चार माणसांत नेली त्यांनी. त्यांच्या मशीनचं ग्रीसिंग आम्ही बिलात लावत नाही, आणि ते दर वेळी त्यावरून भांडतात.

पुढची वर्षं कामात गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक मात्र न विचारता सांगतो. ड्रॅग लिंकचे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) एकदा सोडले की टाकून द्या, त्यांची पकड गेलेली असते. साधा नट लावाल तर थरथरीने सुटेल, आणि पूर्ण वेगात लिंक सुटली तर बोट एका झटक्यात वळते, माणूस पाण्यात जातो. किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणारी, दोरी हाताला बांधलेली असावी, डॅशबोर्डवर लटकलेली नको.

आणि भाव फोनवर विचारू नका. आधी लिंक सोडून इंजिन हाताने फिरवून बघा, काय जड आहे ते सांगा, मग बोलू. उधारी बंद आहे.