फोशानमधला चहा

आज चीनमधल्या फोशान शहरात फर्निचर कारखान्याच्या मालकांकडे घरी जेवायला गेलो. घरी! तीन वर्षांच्या व्यवहारात पहिल्यांदाच. इथे धंद्यातल्या पाहुण्याला शक्यतो हॉटेलातच नेतात, म्हणून या बोलावण्याचं मोल मला फार वाटतं.

पहिल्या भेटीत मी दराचा विषय काढला, तर ते चहाच ओतत राहिले. दोन घोटांत संपणारे इवलेसे कप. आईवडील कसे आहेत, मुलगी कितवीत आहे, एवढंच विचारलं. तेव्हा वैतागलो होतो. पुढे उमगलं, ते माणूस जोखत होते. याला इथे 'ग्वान्शी' म्हणतात. ओळखदेख, ऋणानुबंध, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणं, सगळं त्यात आलं. करार असतोच, पण कंटेनर अडकला की रात्री अकराला फोन उचलला जातो तो ग्वान्शीमुळे.

नाशिकचे बेदाणे नेले होते. दोन्ही हातांनी दिले. त्यांनी न उघडता बाजूला ठेवले, तशीच रीत आहे. मग त्यांच्या वडिलांनी माझा कप भरला आणि मी टेबलावर दोन बोटं हलकेच वाजवली. इथे ग्वांगडाँग प्रांतात चहा ओतणाऱ्याचे आभार असेच मानतात. आजोबा काय खुलले! जेवताना ग्लास भिडवायची वेळ आली, तेव्हा माझा त्यांच्या ग्लासापेक्षा खाली धरला. वडीलधाऱ्यांचा मान राखणं आपल्याला वेगळं शिकावं लागत नाही.

निघताना आजोबांनी विचारलं, पुढच्या वेळी मुलीला आणणार ना? मोबाइलवर तिचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा नीट पाहिला.