मंगल कार्यालयातले तीस मीटर

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली, शिवारात पाचट पेटायला लागलं की आमच्या ओपीडीत धापेचे पेशंट वाढतात, आणि मला आमच्या डॉक्टर मंडळाची वर्षाची सीएमई, म्हणजे डॉक्टरांनीच पुन्हा शिकायचा दिवस, आठवते. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमची धाप लावणारा फुप्फुसाचा आजार, त्याचा जागतिक दिवस नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी, पण बुधवारी दवाखाना बंद ठेवून कोण येणार, म्हणून मग त्याच्या अलीकडचा नाहीतर पलीकडचा रविवार धरायचा, गावाबाहेरचं मंगल कार्यालय, पन्नासेक जीपी आणि चार-पाच फिजिओ. पहिल्या वर्षी मी गेले ती पॉइंटसाठी, रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात ना. नंतर पॉइंट भरलेले असले तरी जायचे.

आमचे छातीचे सर पहिल्या तासाला स्लाइड लावायचेच नाहीत. प्रत्येकाच्या हातात एक बारीक स्ट्रॉ द्यायचे, नाक चिमटीत धरा, श्वास फक्त स्ट्रॉमधून घ्यायचा आणि सोडायचा, आणि कार्यालयाचा जिना चढून या. मी अर्ध्या जिन्यातच स्ट्रॉ काढून टाकली. सर वरून बघत होते, म्हणाले, मॅडम, तुमच्या पेशंटला ती काढता येत नाही. त्या दिवसापर्यंत कुणी "धाप लागते" म्हटलं की माझा हात सरळ प्रिस्क्रिप्शनकडे जायचा. किती चालल्यावर लागते, अंघोळ करताना लागते का, बोलताना थांबावं लागतं का, हे मी तिथून पुढे विचारायला लागले.

मग सर फळ्यावर समजवायचे की ह्या आजारात अडतं ते मुख्यतः श्वास सोडताना, आधीची हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि छाती फुगलेलीच राहते. म्हणून ते ओठ आवळून सोडणं, नाकाने घ्या आणि गरम चहावर फुंकर घालतो तसं सावकाश सोडा, घ्यायला दोन आकडे तर सोडायला चार. पन्नास डॉक्टर एकत्र फुंकर घालतायत, तो आवाज अजून कानात आहे माझ्या.

पण माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे सहा मिनिटं चालायची टेस्ट. त्याला सपाट ३० मीटर लागतात, आणि ते मिळायचे फक्त जेवणाच्या हॉलमध्ये, मग पंगतीची टेबलं भिंतीला सरकवायची, टेप धरायची, खडूने दर ३ मीटरवर खूण करायची आणि दोन टोकांना दोन खुर्च्या. फिजिओ ताई फार कडक. पेशंटला आधी १० मिनिटं बसवायचं, त्याच्या बरोबरीने चालायचं नाही, दमला तर थांबू द्यायचं पण घड्याळ थांबवायचं नाही, आणि दर मिनिटाला ठरलेलंच वाक्य बोलायचं, "छान चाललंय, अजून पाच मिनिटं आहेत." आमची सवय "चला चला, जरा जोरात" म्हणायची, ताई लगेच हात वर करायच्या.

एका वर्षी माझीच पेशंट नेली होती, साठीच्या मावशी. बिडी कधी ओढली नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या, रोज तव्यावर मशेरी भाजायच्या तो धूर वेगळाच. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी २००९ मध्ये पीटर बार्न्स यांच्याबरोबर लॅन्सेटमध्ये लेख लिहिला होता, धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर, सरांनी तो त्या दिवशी मावशींना पुढे बसवून सांगितला. मावशी चालल्या सात फेऱ्या, २१० मीटर. मग आठ आठवडे आठवड्यातून तीनदा त्या माझ्या दवाखान्यात यायच्या, खुर्चीवरून उठणं-बसणं, पाण्याच्या लिटरच्या बाटल्या उचलणं, गल्लीत चालणं. नंतर मोजलं तर २६४. ३० मीटर वाढले तरी पेशंटला फरक जाणवतो असं धरतात, इथे ५४. आणि फुप्फुस तपासायच्या फुंकायच्या टेस्टचा आकडा जवळपास तोच! म्हणजे फुप्फुस होतं तसंच, पण पायांत ताकद आली, तेवढ्याच श्वासात जास्त काम व्हायला लागलं आणि चालायची भीती गेली. हे मला कुठल्याच गोळीने करून दाखवलं नव्हतं.

दुपारनंतर पंपाचा, म्हणजे श्वासातून औषध ओढायच्या इनहेलरचा तास. रिकामा पंप प्रत्येकाने ओढून दाखवायचा, आणि दरवर्षी निम्मे डॉक्टर चुकायचे, कुणी आधी श्वास पूर्ण सोडायचं विसरलं, कुणी औषध ओढून १० सेकंद श्वास धरलाच नाही. मीही चुकले होते, आणि तसंच चुकीचं कित्येक वर्षं पेशंटना शिकवत होते, त्याचं वाईट आजही वाटतं.

कोविडमध्ये दोन वर्षं सगळं झूमवर झालं. लेक्चरं चांगली होती, पण जिना नाही, खडू नाही, फुंकर घालताना सगळे म्यूटवर.

यंदाची तारीख कालच ग्रुपवर आलीय. मावशींना विचारलं, येणार का चालायला, तर म्हणाल्या, "येती की, पर ह्या वेळंला नातीला बी आणती, म्हातारी किती चालती ती बघू दे तिला."