आमची वाटचाल : गेस्टच्या मेमरीवर पहारा

पुण्यात आम्ही कंपनी सुरू केली, तेव्हा छोट्या उद्योगांचे सर्व्हर केव्हीएमवर (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) हलवून देणे आणि त्यांची देखभाल करणे एवढेच काम होते. केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच असल्याने परवान्याचा खर्च नव्हता, आणि आमच्या भांडवलाला तेच झेपणारे होते. पुढे एका ग्राहकाने विचारले की, मेमरीतली एन्क्रिप्शन की (माहिती सांकेतिक करणारी गुप्त किल्ली) नेमके कोण वाचते, हे गेस्टमध्ये, म्हणजे आभासी संगणकात, काहीही न बसवता कळेल का. आजचा आमचा बहुतेक व्यवसाय या प्रश्नातून वाढला आहे.

मेमरीतले लेखन पकडण्याची सोय हायपरव्हायजरमध्ये (गेस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आधीपासूनच असते, कारण लाइव्ह मायग्रेशनमध्ये, म्हणजे चालू गेस्ट दुसऱ्या यंत्रावर हलवताना, मेमरीचा बदललेला भाग ओळखावा लागतो. वाचनाचे तसे नाही. इंटेलच्या ईपीटी तक्त्यातील (गेस्टची मेमरी खऱ्या मेमरीशी जोडणारा तक्ता) नोंदीत वाचन, लेखन आणि अंमलबजावणी यांच्या परवानगीचे वेगळे बिट असतात, परंतु वाचनाचा बिट काढून लेखनाचा तसाच ठेवला तर प्रोसेसर ती नोंदच सदोष ठरवतो, म्हणून दोन्ही काढावे लागतात. एएमडीच्या तक्त्यात वाचनाचा स्वतंत्र बिटच नाही. तिथे संपूर्ण पेज (मेमरीचा एक ठरावीक तुकडा) गैरहजर दाखवावे लागते आणि त्यावरचा कोडही अडतो. ग्राहकाकडे कोणते प्रोसेसर आहेत, हे विचारल्याशिवाय आम्ही दरपत्रक देत नाही, ते यामुळेच.

अडवलेले वाचन पुन्हा मार्गी लावणे हे त्याहून किचकट. क्षणभर परवानगी द्यायची, मॉनिटर ट्रॅप फ्लॅग (एका इन्स्ट्रक्शननंतर नियंत्रण हायपरव्हायजरकडे परत आणणारी प्रोसेसरची सोय) लावून एकच इन्स्ट्रक्शन चालू द्यायची आणि परवानगी काढून घ्यायची, ही रूढ पद्धत. पण तेवढ्या अवधीत दुसऱ्या व्हीसीपीयूने (गेस्टच्या आभासी प्रोसेसरने) तेच पेज वाचले, तर त्याचा मागमूसही उरत नाही. त्यासाठी आम्ही प्रत्येक व्हीसीपीयूला स्वतंत्र ईपीटी तक्ता देतो. मेमरी जास्त लागते, ती लागू द्यावी असे आमचे मत आहे.

पहारा ४०९६ बाइटच्या अख्ख्या पेजवर बसतो, ही दुसरी अडचण. त्या ग्राहकाच्या प्रोग्रॅममध्ये कीच्या शेजारीच दर विनंतीला वाचला जाणारा एक काउंटर होता. त्याच्या प्रत्येक वाचनाला एक्झिट होऊन, म्हणजे गेस्ट थांबून नियंत्रण हायपरव्हायजरकडे जाऊन, लॉग भरून वाहू लागला आणि सेवा मंदावली. कीला स्वतःचे पेज द्यायला त्यांच्या प्रोग्रॅमरला सांगितल्यावर लॉग वाचण्याजोगा झाला.

गेस्टला थेट जोडलेल्या उपकरणांचे डीएमए वाचन (प्रोसेसरला वगळून उपकरणाने थेट केलेले मेमरीचे वाचन) मात्र ईपीटीतून न जाता आयओएमएमयूच्या, म्हणजे उपकरणांचा मेमरीतला प्रवेश सांभाळणाऱ्या हार्डवेअरच्या, तक्त्यांतून जाते. ते काम आम्ही सध्या स्वीकारत नाही आणि करारातही तसे स्पष्ट लिहून देतो.