कॅम्पचा तक्ता: १८९७ सुटलं, १८८९ अडलेलंच

अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक आणि लेखक वॉल्टर कॅम्प याच्या कारकिर्दीचा तक्ता करतोय, त्यातली १८९७ची ओळ अखेर बसली. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकात १८९१ ते १८९६ ऑल-अमेरिका संघ (हंगामातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंची यादी) क्रीडालेखक कॅस्पर व्हिटनीचा, १८९७ला अचानक कॅम्पचा, आणि १८९८पासून कॅम्प थेट 'कॉलियर्स' या दुसऱ्या साप्ताहिकात, हा गुंता मागच्या नोंदीत तसाच राहिला होता. दोघांचं बिनसलं असावं इथपर्यंत तर्क गेले होते. प्रत्यक्षात व्हिटनी त्या हंगामात जगभरचे खेळ पाहत दौऱ्यावर होता आणि कॅम्पने त्याच्या जागी एका वर्षापुरती निवड केली. पुढे व्हिटनीचे संघ 'आउटिंग' या मासिकातून येऊ लागले. १८९७च्या शेऱ्यात आता 'बदली' एवढा एकच शब्द आहे.

पण त्यामुळे '१८८९ ते १९२४, सर्व निवडी कॅम्पच्या' ही अनेक संकलनांत दिसणारी सलग साखळी मधूनच तुटते, आणि तिची पहिली कडी तर आधीपासूनच संशयास्पद आहे. १८८९चा पहिला संघ छापला 'द वीक्स स्पोर्ट' या साप्ताहिकाने. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचं (एनसीएए) अधिकृत विक्रमपुस्तक १८८९ आणि १८९० ही दोन्ही वर्षं व्हिटनीच्या नावावर धरतं आणि सोबत 'कॅम्पच्या सहकार्याने' असं जोडतं. हे सहकार्यच सगळा घोळ घालतंय. यादी कॅम्पने करून दिली आणि व्हिटनीने छापली? की व्हिटनीने केली आणि कॅम्पचा सल्ला घेतला? 'निवड कुणाची' या रकान्यात लिहायचं काय?

यादीवरून काही निघतं का, तेही पाहून झालं. अकरा जणांत प्रिन्स्टनचे पाच (कोवान, जॉर्ज, पो, चॅनिंग, एम्स), येलचे तीन (स्टॅग, गिल, हेफेलफिंगर) आणि हार्वर्डचे तीन (कम्नॉक, क्रॅन्स्टन, ली). कॅम्प तेव्हा येलचा प्रशिक्षक. स्वतःचे तीनच घेतले म्हणजे निवड त्याची नाही, असं कुणी म्हणेल. तीनच घेतले म्हणजे माणूस निःपक्षपाती, असंही म्हणता येईल. दोन्ही युक्तिवाद लंगडे. त्या हंगामात येल एकच सामना हरलं, तोही प्रिन्स्टनकडून ०-१०. प्रिन्स्टनचे पाच कुणीही घेतले असते.

म्हणून रकाने तीन केले: छापलं कुठे, नाव कुणाचं, निवड कुणाची. १८८९-९०साठी तिसरा कोरा. तो नंतरच्या पुस्तकांवरून भरू नये, कारण ती एकमेकांवरूनच उतरवलेली असतात. चार पुस्तकं एकच सांगत असली तरी साक्ष एकच धरायची. त्या काळात छापलेला कागद मिळाला तरच भरायचा.

शोधाबद्दल. 'ऑल-अमेरिका' टाकून १८८९च्या अंकांत फारसं काही हाती लागत नाही. 'इलेव्हन' टाका, 'फुट बॉल' तोडून लिहा (स्पाल्डिंगच्या गाइडच्या, म्हणजे त्या काळच्या फुटबॉल वार्षिकाच्या, मुखपृष्ठावरही तसंच आहे), आघाडीच्या फळीसाठी 'रशर' आणि सेंटरसाठी 'स्नॅप-बॅक' टाका. व्हिटनीचं पहिलं नाव 'कॅस्पर' आणि 'कॅस्पेर' दोन्ही स्पेलिंगांनी शोधावं लागतं. हेफेलफिंगर ओळीच्या शेवटी तुटतो, म्हणून पहिली सहा-सात अक्षरंच द्या. सर्वांत ताप एडगर ॲलन पोचा: प्रिन्स्टनचा हा क्वार्टरबॅक त्याच नावाच्या प्रसिद्ध कवीच्याच घराण्यातला, त्यामुळे पूर्ण नाव टाकलं की निकालात नुसत्या कविता. 'पो' आणि 'प्रिन्स्टन' जोडून ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच मुदत ठेवली तर काही लागतं. तरी सावध राहा, प्रिन्स्टनकडून पो घराण्यातले सहा भाऊ खेळले.

ओसीआरसाठी (पानाच्या चित्रातून मजकूर काढायला) टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर पुरतं, पण अख्खं पान देऊ नका. जुन्या साप्ताहिकांचे स्तंभ अगदी खेटून असतात आणि ते एका स्तंभातलं वाक्य दुसऱ्याला जोडून टाकतं. आधी स्तंभ कापा, ३०० डीपीआय ठेवा, मग पीएसएम ६ (मजकुराचा एकच सलग ठोकळा समजून वाचण्याचा पर्याय) लावा. मैदानावर रोज कोण होतं हे पाहायला 'येल डेली न्यूज'चा जुना संग्रह न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांपेक्षा कितीतरी उपयोगी आहे. तारखांचं मात्र सांभाळा: काही स्प्रेडशीटना १९००च्या आधीची तारीख ही तारीखच वाटत नाही. लिबरऑफिसमध्ये अडचण येत नाही. नाहीतर वर्ष-महिना-दिवस मजकूर म्हणून लिहा. हंगामाचं वर्ष आणि अंकाची तारीख वेगळ्या रकान्यांत हवी. स्पाल्डिंगचं गाइड हंगामाच्या तोंडावर निघायचं, त्यामुळे त्यातली यादी आदल्या वर्षाची असते.

प्रशिक्षकाची बाजू मात्र झकास जुळली. येल १८८८ ते १८९२: १३-०, १५-१, १३-१, १३-०, १३-०. एकूण ६७ विजय, २ पराभव. दुसरा पराभव १८९०ला हार्वर्डकडून ६-१२. १८८८चे ६९८-० गुण पडताळताना आजचे भाव लावू नका. तेव्हा टचडाउनचे ४, त्यावरच्या गोलचे २, फील्ड गोलचे ५, सेफ्टीचे २. यातून एक चाळणी फुकट मिळते: एखाद्या संघाचे गुण विषम आले तर फील्ड गोल असलाच पाहिजे, वृत्तांतात नसेल तर आकडा चुकीचा वाचला गेलाय. सम आकड्याने मात्र निश्चिंत होऊ नका. १० म्हणजे दोन टचडाउन आणि एक गोल, किंवा नुसते दोन फील्ड गोल.

१८९२ची ओळ दोनदा लिहावी लागते. स्टॅनफर्ड-कॅलिफोर्निया सामने त्या वर्षात दोन झाले. मार्चच्या १४-१०शी कॅम्पचा संबंध नाही. २४ नोव्हेंबरला येलने प्रिन्स्टनला १२-० हरवल्यावर कॅम्प स्टॅनफर्डला शिकवायला पश्चिमेला गेला, आणि १७ डिसेंबरची १०-१० बरोबरी त्याच्या खात्यात जाते. समोर कॅलिफोर्नियाला शिकवत होता त्याचाच येलचा ली मॅकक्लंग!

हे सगळं मांडताना 'प्रशिक्षक, मग लेखक' हा मूळ आराखडाच मोडीत निघाला. त्याचं 'अमेरिकन फुटबॉल' हे पुस्तक १८९१चं, म्हणजे येलच्या ऐन भरातलं. त्यात पोटापाण्याची नोकरी न्यू हेवन क्लॉक कंपनीत; तो कामावर असताना सरावावर नजर ठेवायला पत्नी ॲलिस जायची. तेव्हा एका रेषेऐवजी तीन समांतर पट्टे: घड्याळं, मैदान, लेखणी. ॲलिसला मैदानाच्या पट्ट्यात स्वतंत्र ओळ देणार आहे. आणि व्हिटनीला तळटीपेत कोंबण्यापेक्षा त्याचा पूर्ण जोडतक्ता केलेला बरा, म्हणजे १८९८नंतरच्या दोघांच्या निवडी समोरासमोर ठेवता येतील. १९१७ तूर्त बाजूला. युद्धामुळे कॅम्पने त्या वर्षी नेहमीचा संघ न देता लष्करी तळांवरच्या खेळाडूंचा दिला, त्याला वेगळा रंग लागेल. १९२५पासून 'कॉलियर्स'ची निवड ग्रँटलंड राइसकडे गेली, तिथे तक्ता थांबेल.

'द वीक्स स्पोर्ट'चं १८८९चं मूळ पान कुणाकडे असेल तर छायाचित्रात पानाचा वरचा पट्टा, अंकाची तारीख आणि यादीखालची सही कापू नका. त्या सहीवरच तिसरा रकाना अडलाय.