तिसऱ्या फ्रेटवरचा जी

आमच्याकडे गिटार दुरुस्तीला येणारं गिऱ्हाईक दुखणं सांगत नाही, थेट औषध मागतं. "पिकअप बदल." "पॉट बदल." नेमकं काय होतंय असं विचारलं की याला काही कळत नाही असा चेहरा करतात. गिरगावचे काका त्यातलेच. उभं आयुष्य ऑर्केस्ट्रात आणि रेकॉर्डिंगला बेस गिटार वाजवण्यात गेलंय. केस टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सत्तावन्नचा सेट टाकू की बासष्टचा? तेवढं सांग, मी मागवतो."

ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबक आणि त्यांभोवती बारीक तारेची कॉइल, तारांची थरथर विजेत बदलणारी. पॉट म्हणजे आवाज कमीजास्त करायची कळ. फेंडर या अमेरिकन कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला, तेव्हा त्याला एकच साधी कॉइल होती आणि ती आसपासच्या विजेची घूं पकडून घुमायची. १९५७ मध्ये त्यांनी पिकअपचे दोन तुकडे केले. एक जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली, थोडा ब्रिजकडे, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडे, सरकवलेला. १९६० मध्ये जॅझ बेस आला. त्याची मान नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला, अरुंद, साधारण ३८ मिलिमीटर, आणि पिकअप दोन. ते दोन्ही पूर्ण उघडे असले की शांत, एकाचा व्हॉल्यूम कमी केला की घुमायला सुरुवात. आज जगात जे बेस बनतात त्यांतले बरेचसे याच दोघांचे नातेवाईक. काकांचा बेस १९८० च्या दशकातला जपानी, बासष्टच्या प्रिसिजनची इमानदार नक्कल. भाऊ बोटीवर होता, त्याने आणलेला.

आता सत्तावन्न की बासष्ट, म्हणजे पिकअप १९५७ च्या धर्तीचा की १९६२ च्या. पिकअपच्या डब्यावर साल छापणं हा विक्रीचा सर्वांत यशस्वी शोध आहे असं माझं मत आहे. दोन्हींत ४२ गेजची तार, दहा हजारांच्या आसपास वेढे, अल्निको ५ चे चुंबक, मीटरला १० ते ११ किलोओहम. फरक असतो, नाही असं नाही. पण तारा राउंडवाउंड की फ्लॅटवाउंड, म्हणजे गोल वेढ्यांच्या की चपट्या, पिकअप तारांपासून किती खाली, टोनचा कपॅसिटर केवढा, यातल्या कुठल्याही एका गोष्टीने त्याहून मोठा फरक पडतो. पाव इंच जाडीच्या चुंबकांचा किंवा सिरॅमिकचा पिकअप मागितलात तर मी समजू शकतो, तो खरोखर वेगळा वाजतो. साल मागितलंत तर मी आधी तारा बदलून बघा म्हणतो आणि धंदा घालवतो.

"पण काका, होतंय काय?"

मग ते बोलले. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या पट्टीला, जी हा सूर वाजवला की तो डुलतो. सुरुवातीला नीट, मग सूर मावळायला लागला की लाटेसारखा वरखाली. बाकी कुठेही नाही. एका टेक्निशियनने सांगितलं चुंबक तार खेचतात. दुसऱ्याने डेड स्पॉट सांगून मान बदलायला सांगितली. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने अर्थिंगवर बोट ठेवलं आणि मागच्या गल्लीत खड्डा खणून कोळसा-मीठ घालून नवी प्लेट पुरली. जी डुलतच राहिला.

डेड स्पॉट बहुधा बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास सापडतो, आणि तिथे सूर लवकर मरतो, डुलत नाही. चुंबकांची ओढ असेल तर ती केबल न लावताही दिसायला हवी. मी बेस तसाच कोरडा वाजवला, वरच्या शिंगाला कान लावून. जी स्वच्छ. अँपला लावला, तरीही स्वच्छ. पाठीमागे बारीकशी घूं होती, पण परळच्या आमच्या गाळ्यात ती सगळ्यांनाच असते.

काका म्हणाले, "इथे नाही होत रे. घरी होतो. संध्याकाळी जास्त."

हे वाक्य त्यांनी आधीच्या कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मानेच्या रोगाला संध्याकाळ कळत नाही.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तळमजल्याची खोली, तिचंच त्यांनी रेकॉर्डिंगपुरतं काहीतरी करून घेतलेलं. जी वाजवला आणि खरोखर डुलला. मोबाइलवर मेट्रोनोम साठावर, म्हणजे सेकंदाला एक ठोका, लावला, तर जवळजवळ दर ठोक्याला एक हेलकावा. मी चारही तारा तळहाताने दाबून धरल्या. तारांना हात लागला तरी घूं तसूभर कमी झाली नाही, म्हणजे अर्थिंगचा प्रश्न नव्हता. काकांना बेस अंगावर घेऊन जागच्या जागी वळायला सांगितलं. भिंतीकडे तोंड केलं की घूं वाढे, आणखी पाव फेरी फिरले की जवळजवळ नाहीशी. भिंतीपलीकडे काय? आख्ख्या इमारतीची मीटर रूम. संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की त्या केबलींतला प्रवाह वाढतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्रही.

मग सूर ओळखणारा ट्यूनर जोडला. तारा दाबलेल्याच, कुणी काही वाजवत नाही, आणि पडद्यावर ठळक अक्षर: जी. काटा ३५ सेंट चढा, सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग.

ते बघून मला हसू फुटलं आणि काका वैतागले. जाड तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. आपली वीज ५० हर्ट्झची. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतके ठोके पडतात, इथे सेकंदाला एक. सूर जोरात असतो तोवर घूं त्याखाली झाकलेली राहते. सूर मावळत तिच्या पातळीला आला की दोघं झुंजतात. काकांची खात्री पटावी म्हणून मी ती तार हळूहळू चढवत नेली. हेलकावे मंदावत गेले आणि ३५ सेंटला जी एकदम उभा राहिला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, ती बी फ्लॅट आणि बी यांच्या अगदी मधोमध पडते, कुठल्याच सुराला इतकं सावकाश डोलवत नाही. तिथे कुणाला हे दुखणं याच रूपात भेटलंच नसतं.

पण प्रिसिजनने घुमायलाच नको होतं. १९५७ ची सगळी करामत तीच. विजेची घूं कॉइल स्वतः पकडते, तिला चुंबक लागत नाही. तारेचा आवाज पकडायला मात्र चुंबक लागतो. म्हणून दोन अर्ध्या भागांतले वेढे एकमेकांच्या उलट जोडायचे आणि चुंबकही उलटे ठेवायचे. घूं एकमेकींना खाऊन टाकते, तारांचा आवाज राहतो.

पिकगार्ड, म्हणजे वरची प्लास्टिकची पट्टी, उघडलं. जाड तारांखालचा अर्धा भाग वेगळ्या कंपनीचा, झाकणाचा काळाही जरा निराळा. मूळचा अर्धा बंद पडला होता, काकांना आठवलं, म्हणून एकाने "तेवढाच" बदलून दिला होता. मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज चढून आत तार तुटणं नवलाचं नाही. बदलणाऱ्याने पांढरी वायर पांढरीच्या जागी, काळी काळीच्या जागी जोडली होती. सोल्डर सुरेख, चकचकीत. पण वायरचा रंग हा काही निसर्गनियम नाही, कोणती कंपनी वेढे कुठल्या बाजूने घालते हे रंगावरून ठरत नाही. असली मिश्र जोडी बसवताना एक चाचणी करावीच लागते आणि ती कुणी करत नाही, कारण डिजिटल मीटरवर ती नीट दिसत नाही. काट्याचा मीटर लागतो. सर्वांत लहान डीसी रेंज, लोखंडी स्क्रूड्रायव्हर पोलवर, म्हणजे चुंबकाच्या टोकावर, टेकवायचा आणि झटकन उचलायचा. एका अर्ध्यावर काटा उजवीकडे उडाला, दुसऱ्यावर डावीकडे. होकायंत्राने चुंबक तपासले, ते बरोबर उलटसुलट होते. म्हणजे वेढे मात्र उलटे जोडलेले नव्हते आणि दोन्ही कॉइल घूं मिळून गोळा करत होत्या. या पिकअपची खोच अशी की प्रत्येक तार एकाच अर्ध्यावरून जाते, त्यामुळे जोडणी उलटी झाली तरी आवाज जराही बिघडत नाही. वाजवून पाहणाऱ्याला सगळं ठीकच वाटणार.

नव्या अर्ध्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. काटा दोन्हीकडे उजवीकडे. भिंतीला चिकटून उभं राहिलं तरी शांत, जी सरळ.

काकांनी बराच वेळ वाजवलं. मग म्हणाले, "जरा पातळ नाही वाटत?"

व्हॉल्यूमला हात लागला नव्हता, ओहम तेवढेच होते. पण त्यांच्या प्रत्येक सुराखाली इतके दिवस ५० हर्ट्झचा एक पाट वाहत होता आणि तो बंद झाला होता, तेव्हा त्यांना उगाच वाटतंय असंही मला म्हणता येईना.

तरी माझ्या डोक्यात वेगळंच घोळतंय. त्यांचं ऐकून मी त्या दिवशी गुमान सत्तावन्नचा सेट टाकला असता, तर जी लगेच सरळ झाला असता, कारण नवा सेट कारखान्यातून योग्य जोडणीने येतो. काका खूश, मी खूश, दुकानदार खूश. आणि गिरगावपासून दादरपर्यंत प्रत्येक बेसवाल्याला काकांनी सांगितलं असतं की सत्तावन्नच्या पिकअपने डुलणारा जी बरा होतो. अशा किती खात्रीच्या गोष्टी आमच्या धंद्यात फिरतात आणि त्यातल्या किती अशाच जन्मल्या, कुणी सांगावं. मी स्वतः त्यातल्या काही गिऱ्हाइकांना ऐकवतो.

काकांनी बासष्टचा सेट तरीही मागवलाय. "तू म्हणतोस ते खरं असेल, पण मला ऐकून बघायचंय." मी बसवून देणार आहे आणि मजुरीही घेणार आहे. डब्यातून काढल्यावर आधी दोन्ही अर्ध्यांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून बघेन. आणि मूळचा बंद पडलेला अर्धा त्यांच्या कपाटात निघाला, तर तो नव्याने गुंडाळून द्यायला मला जास्त आवडेल, हे त्यांना सांगून ठेवलंय.