ऑक्सिजन खाली येईना: धुराड्यातले वायू मोजतानाचा माझा अनुभव

बॉयलरच्या धुराड्यातले वायू हातातल्या अॅनालायझरने मोजणं तसं चटकन होणारं काम. माझं घोडं पेंड खात होतं ते ऑक्सिजनवर. बर्नर चांगला तापलेला, ज्योत निळी, आणि आकडा १३ टक्क्यांवर ठाण मांडून बसलेला. गॅसच्या बॉयलरला तो साधारण ३ ते ६ असतो. कार्बन मोनॉक्साइड ६० पीपीएम (दहा लाख भागांत ६०).

"बॉयलरच्या पुस्तिकेत मोनॉक्साइडची मर्यादा १०० आहे, ६० म्हणजे उत्तमच की. करून टाका अहवालावर सही," असं मला तिथे सांगण्यात आलं. या वाक्याचा मला अजूनही राग येतो. एवढा ऑक्सिजन म्हणजे नमुन्यात बाहेरची हवा मिसळतेय, आणि मग मोनॉक्साइडही पातळ होऊनच दिसणार. ज्या वायूला ना वास ना रंग, त्याच्या बाबतीत घाई कसली?

प्रोबचं, म्हणजे धुराड्यात घालायच्या नळकांडीचं, टोक सगळ्यात जास्त तापमान दाखवणाऱ्या जागी आणलं, धुराड्याच्या भोकाभोवतीची फट बुजवली. फरक नाही. मग प्रोब बाहेर काढून पूर्ण निवू दिला (टोक भाजण्याइतकं तापतं, हातमोजे हवेतच) आणि टोक बोटाने घट्ट दाबलं. पंपाचा आवाज दबायला हवा होता, तो आपला आरामात चालू. नळी यंत्राजवळ चिमटली तेव्हा मात्र लगेच घरघरला. म्हणजे गळती मधेच कुठेतरी. नळीवरची, वायूतलं पाणी साठणारी छोटी बाटली उघडली, तर तिच्या रबरी रिंगेला केसाएवढी चीर!

रिंग बदलली. ऑक्सिजन ५, मोनॉक्साइड १२०. मिसळलेली हवा वगळून मोनॉक्साइड किती, याचा पडताळा घ्यायचा तर मोनॉक्साइडला २०.९ ने (मोकळ्या हवेतला ऑक्सिजन, टक्क्यांत) गुणा आणि २०.९ वजा ऑक्सिजन याने भागा. आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही आकड्यांवरून उत्तर १६० च्या आसपासच येतं. बर्नर साफ करायला लावला, आकडा मर्यादेच्या बराच खाली आला, तेव्हा कुठे सही केली.

ती बाटली उभीच ठेवा आणि वेळोवेळी रिकामी करा, पाणी सेन्सरपर्यंत गेलं तर सेन्सर गेलाच. यंत्राचं शून्य बॉयलरच्या खोलीत कधीही करू नका, खोलीत मोनॉक्साइड असेल तर यंत्र त्यालाच शून्य धरतं. अंगावर मोनॉक्साइडचा अलार्म असूच द्या, तो वाजला किंवा डोकं जड झालं तर मोजणी सोडून आधी बाहेर पडा. काम संपल्यावर मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ आणि मोनॉक्साइड ० होईपर्यंत पंप चालू ठेवा, मगच यंत्र बंद करा.