मागं राहिलेला ‘टू’

साताऱ्यात पोवई नाक्यावर उतरून एखाद्या गल्लीत घर शोधत हिंडा, कुणीतरी हटकणारच. “कुणाकडं आलाय?” मग “कुणाचं पाव्हणं?” सगळी चौकशी ‘कुणा’ला प्रत्यय लावून. कुणाकडं, कुणाशी, कुणासाठी. तेवढा एक शब्द ऐकला की उरलेलं वाक्य वाऱ्यावर गेलं तरी चालतं.

इंग्रजीत ‘हू’ एकटाच पुढं येतो आणि त्याचा ‘फॉर’ नाहीतर ‘टू’ पार शेवटी. वरातीत नवरदेव पुढं घोड्यावर आणि त्याची पिशवी सांभाळणारा मामा मागं कुठंतरी, तसं. ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ आमच्या शेजारची नववीतली मुलगी ‘हू आर यू वेटिंग?’ लिहून मोकळी होते. मामा वरातीतच नाही!

या मामाला पुढं आणायची खटपट तिकडंही झाली. इंग्रज कवी ड्रायडननं 1672 मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणात शेवटी लोंबणारे असे शब्द दाखवून नाक मुरडलं. पुढं स्वतःची जुनी वाक्यंही दुरुस्त केली. लॅटिनमध्ये असं चालत नाही, आणि त्या काळी शहाण्यांचा कल लॅटिनकडं. बिशप लाउथनं 1762 च्या व्याकरणात सांगितलं की बोलताना हे ठीक, गंभीर लेखनात तो शब्द आधी आलेला शोभतो. गंमत म्हणजे, या सवयीकडं इंग्रजीचा ओढा आहे, हे सांगणारा त्याच्या वाक्याचा तुकडाच ‘टू’वर संपतो. मला हा बिशप आवडतो.

‘हूम’चा, म्हणजे ‘हू’च्या ‘कोणाला’वाल्या रूपाचा, मात्र मला फारसा लळा नाही. ‘फॉर’ पुढं आणलात तर ‘फॉर हूम’च म्हणा, ‘फॉर हू’ कानाला खटकतं. एरवी बोलताना ‘हू’वर खुशाल भागवा.

खरी मेख ‘डिड’ची. ‘तुला कोणी फोन केला?’ म्हणजे ‘हू कॉल्ड यू?’ आणि ‘तू कोणाला फोन केलास?’ म्हणजे ‘हू डिड यू कॉल?’ आपल्याकडं जो फरक ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ दाखवतात, तो तिथं ‘डिड’ आणि शब्दांचा क्रम दाखवतो. पोरं दोन्हीकडं ‘डिड’ घालतात.

काल शेजारच्या त्या मुलीला लिहून दिलं, ‘हू डू यू वॉन्ट टू स्पीक टू?’ तिनं शेवटच्या ‘टू’वर सरळ रेघ मारली.

“काका, दोनदा झालंय.”

“पहिला ‘स्पीक’चा. दुसरा ‘हू’चा.”

“मग त्याच्याजवळ का नाही ठेवला?”